आदन उतरेपर्यंत

बंगळुरात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने माझ्या वाढदिवसाला एक जड खोका पाठवला. आत घरी बीअर बनवण्याचं सगळं सामान होतं: माल्टच्या दाट अर्काचा डबा, हिरव्या गोळ्यांची पुडी, यीस्टचं पाकीट, झाकणाची बादली, थर्मामीटर आणि बारीक अक्षरांत छापलेला सूचनांचा कागद. खोका दोन महिने आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली पडून होता. कायदा याबाबत काय म्हणतो हे मी कुणाला विचारलं नाही, त्यामुळे मला कुणी सांगितलंही नाही.

जानेवारीतल्या त्या रविवारी मी तो बाहेर काढला तो उत्साहाने नव्हे. मी दमलो होतो. कुपवाडच्या कारखान्यात सहा दिवस लेथच्या आवाजात उभं राहायचं आणि घरी आलं की बापलेकीच्या भांडणात बसायचं, असे तीन आठवडे चालले होते. बाप म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम कुंडल, सासूबाई गेल्यापासून घरात एकटे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बायकोने त्यांना सांगलीला आणलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की दीड महिना दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायचे, धूर नाही, वाफ नाही, धूळ नाही. पंधराव्या दिवशी सासऱ्यांनी जाहीर केलं की सोमवारी दहाच्या एसटीने ते घरी जाणार.

"आवं पर डोळ्यात थेंब कोण घालणार, आबा?" बायको.

"माझं मी घालीन."

"काल आरशासमोर घातला तो कानात गेला."

"मग कान बरा हुईल."

हे संभाषण रोज थोड्याफार फरकाने होई आणि त्याच्या शेवटी ते एकच वाक्य म्हणत, "हितं माझं काय काम हाय?" दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या माणसाला खरंच काही काम नव्हतं. सकाळी पेपर वाचता येत नसे, टीव्ही बघायला बंदी. काळा चष्मा लावून ते दिवाणावर बसत आणि जिन्यावरून कोण वर गेलं, कोण खाली आलं हे चपलेच्या आवाजावरून सांगत.

शेवटी बायको हरली. रविवारी सकाळी ती कुंडलला गेली, त्यांचं घर झाडून, पाणी भरून ठेवायला. जाताना मला म्हणाली, "तुम्ही फक्त बारा आणि चारचे थेंब घाला. दुसरं काही करू नका." मी मान हलवली. तीस वर्षांच्या संसारात मी अशी मान हजारदा हलवली आहे आणि ती अजून त्यावर विश्वास ठेवते, हे तिचं मोठेपण.

दार लागलं आणि मी खोका काढला. माझा हिशेब साधा होता. चार तास कुणी माझ्याशी बोलणार नाही, मीही कुणाशी बोलणार नाही. कागदावर लिहिलेलं एकेक करायचं. एवढी विश्रांती मला पुरली असती.

मोठं भांडं हवं होतं. माळ्यावरून लग्नात बायकोसोबत आलेलं बारा लिटरचं पातेलं काढलं. त्याचा आवाज झाला आणि बाहेरून विचारणा आली, "पाव्हणं, पातेलं कशाला काढलं?"

आमच्याकडे जावयाला पाव्हणं म्हणतात आणि जावई सासऱ्याला मामा म्हणतो. मी म्हटलं, "काही नाही मामा, जरा पाणी तापवतो."

"बारा लिटर?"

"अंघोळीला."

"बारा वाजता?"

पाणी तापलं. गॅस बंद करून मी डबा उघडला आणि अर्क पाण्यात सोडला. काळपट, जाड, चमच्याला चिकटणारी तार. तो वास स्वयंपाकघरातून बाहेर गेला आणि माझी विश्रांती तिथेच संपली. सासरे दारात उभे. काळा चष्मा, डोक्याला मफलर, नाक वर.

"काकवी हाय ही," ते म्हणाले.

इथे सांगायला हवं की माझे सासरे गुळवे होते. चाळीस हंगाम त्यांनी गुऱ्हाळावर काढले. उसाचा रस मोठ्या लोखंडी काहिलीत चढवायचा, खाली जाळ, वर येणारी मळी झाऱ्याने काढून टाकायची, रस आटत आला की नेमक्या क्षणाला उतरवायचा. तो क्षण ओळखणारा माणूस म्हणजे गुळव्या. थोडं आधी उतरवलं तर गूळ बसत नाही, थोडं नंतर तर जळतो. गावात पाटलाचं कुणी ऐकलं नाही तरी चालायचं, काहिलीपाशी गुळव्याचं ऐकायलाच लागायचं. गुऱ्हाळ बंद पडलं त्याला आता बरीच वर्षं झाली.

"काकवी नाही मामा. सातूचा अर्क आहे. बीअर करतोय." म्हटलं एकदाचं सांगून टाकावं. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. आता ते तोंड फिरवून दिवाणावर जातील असं मला वाटलं.

"असूं द्या," ते म्हणाले. "जाळ बारीक हाय तुमचा. मोठा करा."

"मामा, डोळा. वाफ लागू द्यायची नाही."

"चष्मा हाय की."

मी त्यांना स्टूल दिलं, पातेल्यापासून चार हात लांब. हीच माझी पहिली चूक. खरं कारण सांगतो, मला वाद घालायचं त्राण नव्हतं. बाराचे थेंब त्यांच्या डोळ्यात घातले आणि गॅस मोठा केला.

उकळी आली. कागदात लिहिल्याप्रमाणे मी हिरव्या गोळ्या आत टाकल्या. दिसायला थेट जनावरांच्या पेंडीसारख्या, वास कडू गवताचा. या गोळ्यांनी बीअरला कडवटपणा येतो, त्या तासभर उकळायच्या. गोळ्या पडल्या आणि पातेल्यात काहीतरी जागं झालं. फेस असा वर चढला की मी गॅसचं बटण उलट्या बाजूला फिरवलं. तपकिरी फेस काठावर आला, काठ ओलांडला, शेगडीवर उतरला. मी फुंकर मारत होतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, बारा लिटर उकळत्या रसावर फुंकर मारतोय.

माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला. हातात शेंगतेलाची बाटली. चार थेंब पडले. फेस जागच्या जागी बसला, एखाद्या वर्गात हेडमास्तर आल्यासारखा.

"काहील उतू चालली की त्याल सोडायचं," सासरे म्हणाले. "तुमच्या कागदात न्हाई लिव्हलं?"

मी भारावून गेलो. मग कागद वाचला. लिहिलं होतं, भांड्याला तेलाचा वा तुपाचा अंशही राहू देऊ नये, कारण तेलाने बीअरचा फेस मरतो. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. काही गोष्टी गुळव्याला सांगायच्या नसतात.

मग मी बादली धुवायला न्हाणीघरात गेलो. पाकिटातली पावडर पाण्यात मिसळून बादली, नळी, झाकण, सगळं निर्जंतुक करायचं होतं. कंबर धरली होती, म्हणून अंघोळीच्या पालथ्या बालदीवर बसून निवांत धुतलं. वीसेक मिनिटं लागली असतील. परत आलो तर सासरे शेगडीला चिकटून उभे, हातात पुऱ्या तळायचा झारा, चष्म्यावर वाफ.

"लय घाण हुती पाव्हणं," ते समाधानाने म्हणाले. "हिरवी मळी. पार निथळून काढली. तुमाला डब्यात भेसळीचा माल दिला कुणीतरी."

"कुठाय ती मळी?"

"टाकली कढीपत्त्याच्या कुंडीत."

मी गॅलरीत जाऊन बघितलं. बंगळुराहून आलेला बीअरचा सगळा कडवटपणा कढीपत्त्याच्या बुंध्याशी पडला होता, वर एक मुंगी फिरत होती. शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखलेल्या थोड्याच गोळ्या आता उरल्या होत्या.

मी ओरडायला हवं होतं. पण त्यांच्याकडे बघितलं आणि राहून गेलं. तीन आठवड्यांत तो माणूस पहिल्यांदा ताठ उभा होता. मफलर डोक्यावरून कमरेला आला होता. बोट गार पाण्यात बुडवून त्यांनी पळीतला एक थेंब चिमटीत घेतला, चोळला.

"गोळी न्हाई धरत अजून."

"गोळी धरायची नाही, मामा. एक तास झाला की उतरवायचं. हे बघा, मोबाईलवर लावलंय."

"घड्याळावर उतारतो व्हय कुणी?"

"कागदात तसंच आहे."

"ज्यानं कागद लिव्हला त्यो काहिलीपाशी हाय का आत्ता?"

मी त्यांना चार हात लांब स्टुलावर बसवलं आणि बोलण्यात गुंतवावं म्हणून विचारलं, "मामा, गुऱ्हाळावर असताना मधेच घरी जावं लागलं तर काय करायचा?"

"जायाचंच न्हाई. काहिलीत चढवलेला रस म्हंजी आदन. ते आदन उतरेपातूर गुळव्यानं जागा सोडायची न्हाई. आन उतरलं हे बी गुळव्यानंच म्हणायचं. मालकानं न्हाई."

"कधीच सोडली नाही?"

"पोरगी झाल्याचा सांगावा आला तवा जाळावर आदन हुतं. उतारलं, मग गेलो."

ही पोरगी म्हणजे माझी बायको. ही गोष्ट मी तिच्याकडूनही ऐकली होती, पण तिच्या आवृत्तीत एक आदन नव्हतं, तीन होती, आणि बाप उगवला तो दुसऱ्या दिवशी. लग्नानंतर पहिल्याच संक्रांतीला गुळाची ढेप फोडताना तिने मला ती सांगितली होती, आणि त्यानंतर जवळपास दरवर्षी.

मोबाईल वाजला. मी गॅस बंद केला. "उतारलं?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा नाराज होता.

आता पातेलं लवकर गार करायचं होतं. न्हाणीघरातल्या टपात थंड पाणी, त्यात पातेलं ठेवलं. सासऱ्यांना हे पटेना. गूळ वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात, ओतून फावड्याने वरखाली करत निववतात, तसं त्यांनी मोठा डाव घेतला आणि रस उंचावरून वरखाली करायला लागले. धार वर, धार खाली, शिंतोडे फरशीवर. मी कमोडच्या झाकणावर बसून बघत राहिलो. थर्मामीटर मधूनमधून बुडवायचो. पाय सुजल्यासारखे वाटत होते. माझा एकमेव रविवार असा गोड चिकट होऊन फरशीवर पडत होता.

चार वाजता थेंब घातले. साडेचारला रस गार झाला, बादलीत ओतला, यीस्ट टाकलं, झाकण लावलं. झाकणाला एक वाकडी नळी असते, तिच्यात थोडं पाणी. आत रस आंबायला लागला की वायू त्या पाण्यातून बुडबुड करत बाहेर पडतो. बुडबुडा आला म्हणजे काम सुरू झालं. मी हे सासऱ्यांना समजावून सांगितलं.

"म्हंजी जाळ न्हाई, आन उकळतंय?"

"हो. पंधरा दिवस. मग बाटल्यांत भरायचं, परत पंधरा दिवस."

ते थोडा वेळ नळीकडे बघत राहिले. पाणी स्थिर होतं. मग ते उठले आणि आपली पिशवी भरायला गेले.

पाच वाजता बायको आली. तिने आधी फरशी पाहिली, मग शेगडी, मग बापाचा चष्मा. चष्म्याच्या काचेवर अर्काचा एक थेंब वाळून बसला होता.

"मी फक्त थेंब घाला म्हणाले होते," ती हळू आवाजात म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग खुर्चीत बसून तिने सांगितलं, घर झाडलं, अंथरूण घातलं, मडकं भरलं. शेजारच्या म्हातारीला थेंबांचं विचारलं, तर तिचेच हात थरथरतात. "तरी जाणार म्हणतात. जाऊ देत. मला आता भांडायचं नाही."

बापाने पिशवीचा बंद ओढला. मी शेगडी पुसायला घेतली, ती पुसताना मला सुचलं. बादली मी स्वयंपाकघरातून उचलली आणि बाहेरच्या खोलीत आणून दाराशी ठेवली, चपलांच्या शेजारी. बायकोने भुवया वर केल्या. मी म्हटलं, "इथे गार असतं."

सोमवारी सात वाजता उठलो, नळीतलं पाणी स्थिर. आठला स्थिर. कारखान्यात फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं. कागदात लिहिलं होतं की सुरू व्हायला बारा ते छत्तीस तास लागतात. एसटी दहाची. मी पेपर डोळ्यांसमोर धरला आणि त्याच्या काठावरून त्या नळीकडे बघत बसलो. आयुष्यात मी कशाची इतकी वाट पाहिली असेल तर मुलीच्या दहावीच्या निकालाची.

सासरे अंघोळ करून, धोतर नेसून, टोपी घालून आले. बायकोने आठचे थेंब घातले, शेवटचे. बाटली त्यांच्या पिशवीत ठेवली, वर रुमाल. सव्वानऊला ते दाराशी आले, चपलांत पाय सरकवले आणि पट्टा ओढायला वाकले.

बुड.

इतका बारीक आवाज की मला वाटलं भास झाला. पण चपलांच्या आवाजावरून माणसं ओळखणाऱ्याला तो भास वाटला नाही. ते वाकलेलेच राहिले. परत, बुड. मग थोड्या वेळाने आणखी एक.

"उकळतंय की," ते म्हणाले.

मी पेपर खाली केला. रात्रीपासून जमवून ठेवलेलं माझं भाषण अगदी ओठांवर होतं. पण बायको आधी बोलली. तिच्या हातात त्यांची पिशवी होती, ती तिने पुढे केली नाही.

"मी झाले तेव्हा आदन सोडून आला नाही, आबा. आता सोडून चाललाय?"

सासऱ्यांनी एका पायातली चप्पल काढली. मग दुसऱ्या पायातली. सावकाश गुडघ्यावर हात देऊन खाली बसले, कान बादलीला लावला आणि तसेच बसून राहिले. बायको पिशवी घेऊन आत गेली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, नेहमीपेक्षा जरा मोठा.

त्यानंतरचा महिना मला नीट आठवत नाही, कारण बराचसा झोपेत गेला. संध्याकाळी कारखान्यातून यावं तर सासरे बादलीपाशी बसलेले, मला दिवसाचा अहवाल द्यायचे. आज जोरात हाय. आज मंदावलं. शेजारचा येऊन विचारून गेला, त्याला औषध सांगितलं. दिवसातून चार वेळा बायको थेंब घालायची आणि ते डोळा वर करून गप्प बसायचे. इथं माझं काय काम, हे वाक्य बंद झालं. पंधराव्या दिवशी आम्ही बाटल्या भरल्या, मग त्यांचा पहारा बाटल्यांपाशी बसला, तिसाव्या दिवशी डॉक्टरांनी डोळा तपासून उत्तम म्हटलं आणि थेंब बंद केले. त्याच संध्याकाळी पहिली बाटली उघडली.

फेस नाही. एक बुडबुडाही काठावर टिकला नाही. रंग काकवीचा, चव गोडसर, शेवटी कुठेतरी कडूची एक लांबची आठवण. सासऱ्यांनी ग्लास नाकाशी धरला, प्यायले नाहीत. "आमच्या काहिलीतलं असतं तर मालकानं हाकलून दिलं असतं," म्हणाले. मुलीला फोटो हवा होता, म्हणून मी काट्याने ग्लास घुसळला आणि घाईघाईने टिपला. ती म्हणाली, "बाबा, काय सुंदर फेस आलाय." मी म्हटलं, आजोबांची कृपा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एसटीला बसवायला गेलो. बायकोने यावेळी वाद घातला नाही, नुसती भाकरी बांधून दिली. खिडकीशी बसल्यावर त्यांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"पाव्हणं, त्ये बुडबुडं आठव्या दिवशीच थांबलं हुतं."

"मला माहीत नाही मामा. मी कारखान्यात असायचो."

"मला म्हाईत हाय. मी कान लावून हुतो. आदन तवाच उतारलं हुतं."

"मग बोलला का नाही? रोज सांगायचा, आज मंदावलं, आज जोरात हाय."

"उतारलं म्हणायचं काम गुळव्याचं," ते म्हणाले. "मी म्हणलो न्हाई."

गाडी हलली. मी तिथेच थांब्यावर जरा टेकलो. घरी आलो तर बायको ते बारा लिटरचं पातेलं राख लावून घासत होती. तळाला अजून तेलकट कड होती, ती निघत नव्हती.

"काय म्हणाले जाताना?" तिने मान वर न करता विचारलं.

"म्हणाले, पुढच्या वेळी त्याल दोनच थेंब टाका," मी ठोकून दिलं.

ती घासता घासता थांबली. "पुढच्या वेळी कधी?"

"तुझे आबा सांगतील," मी म्हटलं आणि दिवाणावर आडवा झालो, त्यांच्या जागेवर. जिन्यावरून कुणीतरी वर येत होतं. चपलेवरून मला काही ओळखता आलं नाही.